हव्वेने ऐकलेली पावले

नवव्या शतकातली बायझन्टाइन कवयित्री आणि स्तोत्रांची रचनाकार कासिया हिची गोष्ट जिथे तिथे एकाच प्रसंगापासून सुरू होते. इसवी सन 830 मध्ये बायझन्टाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल इथल्या राजवाड्यात तरुण सम्राट थिओफिलोस याच्यासाठी उपवर मुली दाखवण्याचा समारंभ झाला. त्याच्या सावत्र आईने, युफ्रोसिनीने, त्याच्या हाती एक सोन्याचे सफरचंद दिले होते आणि जी मुलगी पसंत पडेल तिच्या हातावर त्याने ते ठेवायचे होते. रांगेतून चालता चालता तो कासिया नावाच्या सरदारकन्येपुढे थबकला. तिच्या रूपाने तो भारावला होता. तरी तिला म्हणाला काय, तर जगातले सारे वाईट स्त्रीमधूनच वाहत आले. रोख अर्थातच हव्वेकडे, म्हणजे बायबलनुसार जिच्या हातून पहिले पाप घडले त्या पहिल्या स्त्रीकडे होता. कासियाने काहीसे लाजत, पण लगेच उत्तर दिले, की उत्तम जे काही आहे त्याचाही झरा स्त्रीमधूनच फुटतो. तिचा रोख येशूची माता मरिया हिच्याकडे होता. हे उत्तर सम्राटाला झोंबले. तो पुढे सरकला आणि सफरचंद पॅफ्लागोनियातून आलेल्या थिओडोराच्या हाती गेले. राजमुकुट हुकलेल्या कासियाने मठ स्थापला, केस उतरवले, अध्ययनात दिवस घालवले आणि पुष्कळ लेखन मागे ठेवले, असे सांगून बखरकार तिचे उरलेले सगळे आयुष्य एका वाक्यात उरकतात.

प्रसंग सुरेख आहे यात शंका नाही आणि तेच मला खटकते. ज्या बखरींत तो येतो त्या दहाव्या शतकातल्या, म्हणजे घटनेनंतर शंभरएक वर्षांनी लिहिलेल्या आहेत. सोन्याचे सफरचंद आणि सुंदर स्त्रियांची निवड हा सगळा थाट ग्रीक पुराणातल्या, तीन देवींतून एकीला सफरचंद देणाऱ्या ट्रॉयच्या राजपुत्र पॅरिसच्या कथेतून उचललेला दिसतो, आणि अशा समारंभांच्या कथा मुळातच कितपत खऱ्या मानाव्यात यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. पण तो खरा की खोटा यापेक्षा मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कासियाच्या नावावर सुमारे 50 स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी 23 ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनाग्रंथांत आजही आहेत. त्यांखेरीज तिची 261 सुट्या वचनांसारखी पद्ये मिळतात. जिच्या चाली आज कागदावरून वाचून गाता येतात अशी जगातली सर्वांत जुनी स्त्री रचनाकार म्हणून तिचे नाव घेतले जाते. प्रसिद्ध जर्मन संन्यासिनी-रचनाकार हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन हिचा जन्म तिच्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी झाला. एवढे सगळे हाताशी असताना तिची ओळख करून द्यायला सम्राट लागतो, आणि तोही तिला नाकारणारा.

तिच्याविषयीची सर्वांत जुनी साक्ष बखरींत नाहीच. ती आहे स्टुडिओस मठाचा प्रमुख थिओडोर याच्या पत्रांत. हा थिओडोर त्या काळातला मोठा वजनदार माणूस होता. सम्राटांशी उघड भांडण्याबद्दल तो अनेकदा हद्दपार झाला होता. कासियाचा जन्म साधारण 805 ते 810 च्या दरम्यानचा आणि तिचे वडील दरबारात ‘कांदिदातोस’ हा मान असलेले गृहस्थ. म्हणजे घरात पैसा होता, प्रतिष्ठा होती आणि मुलीला ग्रीक अभिजात विद्या शिकवण्याइतकी हौसही होती. तिच्या पत्रांना थिओडोरने दिलेली उत्तरे उरली आहेत. तिची स्वतःची पत्रे मात्र काळाने गिळली. त्या उत्तरांत तो तिच्या विद्येने चकित झालेला दिसतो. इतक्या कोवळ्या वयाच्या मुलीच्या लेखणीतून इतके शहाणपण यावे याचे त्याला नवल वाटते. प्राचीनांशी तिची तुलना होणार नाही, कारण आजचे पुरुष काय आणि स्त्रिया काय, सगळेच त्यांच्यापुढे तोकडे आहेत, असे तो आधी बजावतो, पण आजच्या काळापुरते पाहिले तर ती इतरांहून पुष्कळ पुढे आहे, अशी कबुली देतो. शिष्याचे डोके फिरू नये म्हणून स्तुतीला आवर घालणारा कडक गुरू या वाक्यांत स्पष्ट दिसतो.

या पत्रांतला सर्वांत मोलाचा तपशील असा, की संन्यासिनी होण्याची इच्छा कासियाने त्याच्याकडे आधीच व्यक्त केली होती. थिओडोर 826 मध्ये वारला आणि सफरचंदाचा प्रसंग 830 मधला मानला जातो. म्हणजे लग्न मोडले म्हणून ती मठात गेली हे समीकरण निव्वळ सनावळीवरच कोसळते. तिला जायचे होते तिकडेच ती गेली, आणि मध्ये कोणी सम्राट आडवा आलाच असेल, तर त्याने फार तर वाट मोकळी केली.

थिओडोरशी पत्रव्यवहार करणे ही त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती. 815 मध्ये सम्राट लिओ पाचवा याने पवित्र प्रतिमांवर पुन्हा बंदी घातली होती. चर्चमधली चित्रे पुसली जात होती आणि प्रतिमांची बाजू घेणाऱ्या मठवासीयांना तुरुंगवास, हद्दपारी आणि मारहाण सोसावी लागत होती. थिओडोर स्वतः त्याच कारणाने हद्दपारीत होता. अशा माणसाला पत्र लिहिणे, तुरुंगातल्या आणि वनवासातल्या संन्याशांना मदत पोचवणे, हे सगळे कासियाने केले, आणि त्यापायी तिला चाबकाचे फटके खावे लागले. दरबारी घराण्यातली, विशीही न गाठलेली मुलगी होती ती. राजवाड्यातल्या एका चतुर उत्तरापेक्षा हे धैर्य कितीतरी मोठे, पण त्यात सफरचंद नाही, म्हणून ते कोणी सांगत नाही.

थिओफिलोसही प्रतिमांचा कट्टर विरोधक होता. तो 842 मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी, मार्च 843 मध्ये, त्याच्या विधवा राणीने प्रतिमापूजा पुन्हा सुरू केली. ही राणी म्हणजे तीच थिओडोरा. जिच्या हाती सफरचंद आले ती आणि जिच्या हाती आले नाही ती, अशा दोघीही अखेर सम्राटाच्या मताविरुद्ध एकाच बाजूला उभ्या होत्या, हे मला त्या दंतकथेच्या कुठल्याही नाट्याहून अधिक विलक्षण वाटते. त्याच सुमारास, 843 मध्ये, कासियाने शहराच्या पश्चिम भागात तटबंदीजवळ मठ स्थापन केला आणि ती त्याची पहिली प्रमुख झाली.

मठ म्हटला की दिवसरात्र मिळून ठरलेल्या प्रार्थना आल्या, आणि बायझन्टाइन परंपरेत प्रार्थना म्हणजे गायन. वाद्यांना तिथे जागा नसते. गायकांचा एक गट मुख्य स्वरावलीत स्तोत्र गातो आणि पुढील काळात रूढ झालेल्या रीतीप्रमाणे दुसरा गट खाली एकच आधारस्वर धरून राहतो, ज्याला ‘इसॉन’ म्हणतात; आपल्याकडे तंबोरा जे काम करतो ते तिथे माणसांचे गळे करतात. आठ स्वरप्रकारांची त्यांची व्यवस्था आहे आणि प्रत्येक स्तोत्र कोणत्या प्रकारात गायचे ते ठरलेले असते. स्वतंत्र चालीच्या स्तोत्रांत शब्द आणि चाल बहुधा एकाच व्यक्तीची असे, त्यामुळे कासियाला केवळ कवयित्री म्हणून चालणार नाही. तिच्या चालींच्या लिखित नोंदी मात्र तिच्या निधनानंतर काही शतकांनी केलेल्या हस्तलिखितांत आढळतात. त्या लिपीतली चिन्हे स्वराचे नाव सांगत नाहीत. मागच्या स्वरावरून किती पायऱ्या चढायचे आणि किती उतरायचे एवढेच सांगतात. मधल्या शतकांत गळ्यागळ्यांतून त्या चालींत किती बदल झाला असेल, हा प्रश्न प्रत्येक जुन्या संगीताप्रमाणे इथेही राहणारच.

तरी रचनेची बुद्धी लपत नाही. नाताळच्या सायंप्रार्थनेत गायले जाणारे तिचे एक स्तोत्र ऑगस्टस सम्राटाच्या नावाने सुरू होते. ऑगस्टसने पृथ्वीवर एकछत्री सत्ता आणली तेव्हा अनेक राज्यांचा शेवट झाला. तू पवित्र कुमारिकेच्या उदरी मानव झालास तेव्हा अनेक दैवतांच्या पूजेचा शेवट झाला. नगरे एका राज्याखाली आली. राष्ट्रांनी एका ईश्वरावर विश्वास ठेवला. कैसराच्या हुकमाने लोकांची नावनोंदणी झाली. आम्हा श्रद्धावंतांची नोंदणी तुझ्या नावाखाली झाली. अशा जोड्याजोड्यांनी ते पुढे जाते आणि प्रत्येक जोडीतल्या दोन्ही ओळींना एकच चाल आहे. पृथ्वीच्या राजाला जे स्वर दिले तेच स्वर लगेच स्वर्गाच्या राजाला मिळतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानातच दोन्ही राज्ये शेजारी शेजारी ठेवली जातात. व्याख्यान द्यावे लागत नाही, कारण चालच युक्तिवाद करते.

तिच्या स्तोत्रांत संत स्त्रिया वारंवार येतात. संत बार्बराच्या सणासाठी रचलेल्या स्तोत्रात ती म्हणते, की मत्सरी शत्रूला लाज वाटली, कारण एका स्त्रीने त्याला हरवले. ज्याने आदिमातेला पापासाठी आपले साधन केले होते, तोच स्त्रीकडून पराभूत झाला. इथे हव्वा पुन्हा आली. थिओफिलोसने तिच्यावर फेकलेला आरोप त्या काळी प्रत्येक उपदेशात, प्रत्येक दगडात मुरलेला होता. त्याचे उत्तर एकदाच देऊन भागणारे नव्हते. कासिया ते सणासणाला, नव्या चालीत देत राहिली.

आणि आता तिच्या सर्वांत प्रसिद्ध रचनेकडे यायला हवे. पवित्र सप्ताहातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारी रात्री जगभरच्या ग्रीक चर्चमध्ये ती गायली जाते आणि एरवी चर्चची पायरी न चढणारे लोकही तेवढ्यासाठी येतात. संथ लयीतल्या काही चालींत ती पंधरा-वीस मिनिटे चालते आणि गायकाच्या श्वासाची कसोटी पाहते. ग्रीक लोक तिला सरळ ‘कासियानीचे स्तोत्र’ म्हणतात; कासियानी हे कासियाच्याच नावाचे दुसरे रूप.

तिचा विषय लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातला आहे. शिमोन नावाच्या परूश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथातल्या माणसाच्या घरी येशू जेवायला बसलेला असताना गावातली एक ‘पापी स्त्री’ येते, त्याच्या पायांशी रडते, आसवांनी ते भिजवते, केसांनी पुसते, त्यांची चुंबने घेते आणि त्यांना सुगंधी तेल लावते. शिमोन मनात तिच्याविषयी बोलतो, येशू शिमोनशी तिच्याविषयी बोलतो, शेवटी तिच्याशीही बोलतो. पंगतीला बसलेले लोक आपसांत कुजबुजतात. त्या संपूर्ण प्रसंगात एकच व्यक्ती एक शब्दही उच्चारत नाही, आणि ती म्हणजे ती स्त्री. कासियाने नेमकी तीच जागा धरली. स्तोत्राची सुरुवात ती तृतीय पुरुषात करते: प्रभो, अनेक पापांत पडलेल्या या स्त्रीने तुझे देवत्व ओळखले आणि तुझ्या दफनाआधीच सुगंधी द्रव्य घेऊन येणाऱ्यांचे काम आपल्याकडे घेतले. कबरीवर सुगंध घेऊन जाणाऱ्या स्त्रियांना ख्रिस्ती परंपरेत मोठा मान आहे. कासियाने या बदनाम बाईला त्यांच्या पंक्तीत नुसते बसवले नाही, सर्वांच्या आधी बसवले. आणि मग ‘हाय’ म्हणून ती स्त्री स्वतः बोलू लागते ती शेवटपर्यंत थांबत नाही.

तिचे बोलणे दीनवाणे नाही, याकडे लक्ष द्यावे. माझी रात्र म्हणजे वासनेचा उन्माद, काळोखी आणि चंद्रहीन, असे सांगून ती थेट विश्वाच्या मापाने मागणे मागते. ढगांतून समुद्राचे पाणी ओढून नेणाऱ्या, माझ्या अश्रूंचे झरे स्वीकार. ज्याने स्वतः रिते होऊन आकाश खाली वाकवले, त्या तू माझ्या हृदयाच्या कण्हण्याकडे वाक. आसवांसमोर समुद्र, हुंदक्यासमोर आकाश. मग ती म्हणते, तुझ्या निष्कलंक पायांची मी चुंबने घेईन, माझ्या केसांच्या बटांनी ते पुन्हा पुशीन. ज्या पायांचा आवाज नंदनवनात दिवस कलताना हव्वेच्या कानी पडला आणि ती भयाने लपली, तेच हे पाय.

या ओळीवर एक दंतकथा चिकटली आहे. थिओफिलोसला आयुष्यभर पश्चात्ताप होत राहिला, मरणापूर्वी एकदा तो कासियाला भेटायला तिच्या मठात गेला, त्याची चाहूल लागताच ती लपली, तिच्या मेजावर हे स्तोत्र अर्धवट लिहिलेले पडले होते, ते वाचून त्याला रडू आले आणि जाण्याआधी त्याने त्यात एक ओळ भरली. ती ओळ हीच, हव्वेच्या भयाची. ही कथा ग्रीसमध्ये फार लाडकी आहे आणि तिच्यातले कारुण्य माझ्याही मनाला शिवते. परंतु स्तोत्र शांतपणे वाचले तर ती मानणे अशक्य होते, कारण ज्या ओळीवर सगळ्या रचनेचा भार तोललेला आहे नेमकी तीच काढून या कथेने सम्राटाच्या हाती दिली आहे. दोन स्त्रिया आहेत आणि पावले तीच आहेत. पहिलीने ती ऐकली आणि ती झाडांआड लपली. दुसरीने ती ऐकली आणि भरल्या पंगतीत, सगळ्यांच्या नजरा झेलत, ती त्यांच्याकडे चालत गेली. पहिलीच्या नावाने जो कलंक सगळ्या स्त्रीजातीला लागला तो दुसरी आपल्या केसांनी पुसते आहे. बार्बराच्या स्तोत्रात, नंतर सांगितल्या गेलेल्या सफरचंदाच्या गोष्टीतल्या उत्तरात, आणि इथे, एकच विचार एकाच मनातून येतो. ही ओळ काढली तर उरते ती पश्चात्तापाची एक सुंदर प्रार्थना, आणि तशा प्रार्थना बायझन्टाइन परंपरेत शेकडो आहेत.

याच स्तोत्राने तिचा आणखी एक घात केला. पापी स्त्रीच्या तोंडी तिने घातलेली वाणी इतकी जिवंत उतरली, की पुष्कळ सामान्य श्रोते कासियानीलाच ती स्त्री समजू लागले. पुरुष कवींनी याच प्रसंगावर स्तोत्रे रचली तेव्हा त्यांच्या चारित्र्याबद्दल कोणाला शंका आली नाही. चर्चने मात्र तिला संत मानले आहे आणि 7 सप्टेंबर हा तिचा सण असतो.

तिचा स्वभाव पाहायचा तर ती सुटी पद्ये वाचावीत. एका मालिकेत प्रत्येक ओळ ‘मला तिटकारा आहे’ अशाच शब्दांनी उघडते: गरिबासारखे रडगाणे गाणाऱ्या श्रीमंताचा, शहाणपणाचा आव आणणाऱ्या मूर्खाचा, आणि बोलण्याची वेळ आली असताना पाळलेल्या मौनाचा. मूर्खपणावर मरणाखेरीज औषध नाही, असेही ती एके ठिकाणी ठणकावते. अन्यायाने जिंकण्यापेक्षा हरणे बरे, हेही तिचेच. या पद्यांत मला न आवडणाऱ्या गोष्टीही आहेत. आर्मेनियन लोकांवर तिने लिहिलेल्या ओळी सरळ द्वेषाच्या आहेत आणि त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. कुरूप आणि वाईट स्वभावाच्या स्त्रीविषयीचे तिचे वचन त्या काळातल्या कुठल्याही पुरुषाने लिहिले असते तसेच आहे. संतांच्या चित्रात तिच्या डोक्यामागे सोनेरी वलय काढतात. या पद्यांतली बाई त्या वलयात मावत नाही. ती तापट आहे, पक्षपाती आहे, तिच्या जिभेला धार आहे, आणि म्हणूनच ती माझ्या ओळखीची होते.

तिच्या नावाला झालेला सर्वांत विचित्र स्पर्श पवित्र शनिवारच्या स्तोत्रमालेचा आहे. बायझन्टाइन स्तोत्रमालेतल्या प्रत्येक भागाच्या डोक्याशी एक आदर्श कडवे असते, त्याला ‘हिर्मोस’ म्हणतात. पुढची सगळी कडवी त्याच्या चालीवर आणि त्याच्या मात्रांवर बांधायची असतात. ईस्टरच्या आदल्या दिवसासाठी कासियाने असे चार भाग रचले होते. थिओडोर प्रोद्रोमोस हा बाराव्या शतकातला लेखक सांगतो, की येशूच्या दफनाच्या इतक्या गंभीर उपासनेत एका स्त्रीचे शब्द गाणे पुढे लोकांना अनुचित वाटू लागले. म्हणून मार्क नावाच्या संन्याशाला त्या भागांसाठी नवी कडवी लिहायला सांगण्यात आले. त्याने ती लिहिली आणि आज तीच गायली जातात. पण चाल आणि माप ज्यांच्यावर अवलंबून होते ती कासियाची हिर्मोस-कडवी काढता येईनात, आणि ती राहू द्यावी लागली.

त्यांतल्या पहिल्या कडव्यात तांबड्या समुद्राची कथा आहे. पाठलाग करणाऱ्या जुलमी फारोला, म्हणजे इजिप्तच्या राजाला, ज्या प्रभूने एकेकाळी लाटांखाली लपवले, त्यालाच त्याने वाचवलेल्यांच्या मुलांनी आता भूमीखाली लपवले आहे. समुद्र पार झाल्यावर मोशेची बहीण मिर्याम डफ घेऊन पुढे झाली आणि सगळ्या स्त्रिया तिच्यामागे गात, नाचत निघाल्या, असे बायबलमधल्या निर्गम ग्रंथात आहे. कासियाने ते आठवून कडव्याच्या अखेरीस लिहिले: पण आम्ही त्या मुलींसारखे परमेश्वराला गाऊ, कारण तो महिमेने थोर झाला आहे. दरवर्षी पवित्र शनिवारच्या उपासनेत हे कडवे म्हटले जाते, आणि बहुतेक चर्चमध्ये ते गाणारे सगळे पुरुषच असतात.